जुन्या गाड्या एवढ्या विकायला का निघाल्यात? (अनगोळहून विचारतोय)

लेथवाला अनगोळ

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक हँडप्रेस. दिवसा फौंड्रीवाल्यांची कामं करतो आणि साडेसहानंतर जुन्या मोटारसायकलींची. बुश (शाफ्ट फिरतो ती धातूची नळी), स्पेसर, अ‍ॅक्सल, किक शाफ्ट, म्हणजे दुकानात जे मिळत नाही ते सगळं. तीस वर्षं झाली या धंद्यात.

गेल्या दिवाळीपासून माझ्या पाच गिऱ्हाइकांनी गाड्या काढल्या. शहापूरची येझदी रोडकिंग, टिळकवाडीतल्या डॉक्टरांची येझदी ३५० ट्विन, खानापूरची यामाहा आरएक्स १००, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची कास्ट आयर्न बुलेट. शिवाय कॅम्पातली एक राजदूत. ती मी जन्मात चालताना बघितली नाही, खरं तिच्यासाठी सतरा वस्तू करून दिल्यात. मला आधी कुणी सांगत नाही. मोबाइलवर फोटो येतो, खाली ‘विकणे आहे’, आणि फोटोत मी केलेलं बुश चकाकत असतं. पेशंट गेल्याचं डॉक्टरला पेपरात वाचून कळावं, तसं होतंय माझं.

बरं, कारण विचारावं तर प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणतो जागा नाही, दुसरा म्हणतो वेळ नाही. अहो, वेळ तुम्हाला २०१२ सालीपण नव्हता. तरी पावसात भिजत पिस्टनची गजन पिन घेऊन यायचा की.

धंद्याच्या बाजूनं बघितलं तर एक कारण मला दिसतं. एक नग करायला आता कोणी तयार नाही. उद्यमबागेत सीएनसी मशिनं किती आलीत बघा. पोरं हुशार आहेत, एका शिफ्टला पाचशे नग काढतात. त्यांना म्हणा, जावाच्या किक शाफ्टचं एकच गनमेटल बुश पाहिजे, आतून इतकं, बाहेरून तितकं, आणि शाफ्ट झिजलाय म्हणून माप शाफ्टवरूनच घे. ते हसतात. त्यांचं चुकत नाही. एका नगासाठी सेटिंगला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात पन्नास नग निघतात. मी दीड तास घालवून दोनशे रुपये घेतो. बायको विचारते, हे दान का करताय?

क्रोमचं तर विचारूच नका. जुन्या जावाच्या टाकीच्या दोन्ही बाजू क्रोमच्या, शिवाय सायलेन्सर दोन. पूर्वी प्लेटिंगवाले संध्याकाळच्या लॉटमध्ये आपली टाकी घालून द्यायचे. आता प्रदूषणाचे नियम कडक झाले, लहान प्लेटिंगवाले बंद पडले, आणि जे राहिलेत त्यांना तुमच्या गंजक्या टाकीचा पॉलिश करायचा वैताग नकोय. मागच्या वर्षी एकानं माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले, चार महिने टाकी ठेवली आणि परत दिली ती पोचा पाडून. त्यावर बोललो की रक्त तापतं, सोडा.

आता माझं. रोजची गाडी रोडकिंग, १९८९ ची. ती चालते, तिचा प्रश्न नाही. प्रश्न माळ्यावरच्या जावाचा आहे. १९६७ ची, म्हैसूरला झालेली. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ ला या गाड्या सुरू झाल्या, म्हणजे तशी पहिल्या काही वर्षांतलीच. चुलत्यांची गाडी. चुलतभाऊ आणि मी मिळून २०१४ मध्ये उघडली, ती अजून उघडीच आहे. इंजिन खताच्या चार पोत्यांत, फ्रेम वाशाला टांगलेली. कोल्हापूरचा एक जण पोत्यांसकट सत्तर हजार देतो म्हणतोय. वर म्हणतो, कागद असले नसले तरी चालतील.

तर प्रश्न दोन. एक, लोक खरंच कशामुळे विकायला लागलेत? दुसरा, मी काय करू?

---

आरएक्सवाला खानापूर

काका, तुम्ही यादीत लिहिलेली खानापूरची आरएक्स माझीच. ओळखलात का नाही माहीत नाही, मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचं काम तुमच्याकडंच केलतो.

खरं कारण सांगूलालो. गाडी महाग झाली म्हणून विकली. हसू नका. मी घेतली तेव्हा अठरा हजार. शेतावर जायचो, लोंढ्याला जायचो, स्टँडसमोर लावून खुशाल बसनं बेळगावला यायचो. मग मोबाइलवर लोक एकेका आरएक्सचे लाख-लाख सांगायला लागले. ही गाडी १९९६ ला बंद झाली, त्यात टू-स्ट्रोक, ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर, पोरं वेडी झाल्यात नुसती. आमच्या गल्लीतून एक गेली, नंदगडकडची एक गेली. चोरून पार्ट पार्ट करतात आणि पार्टच जास्त पैशाला जातात. मी दोन कुलपं लावायला लागलो. आई रात्री उठून बघायची गाडी आहे का. शेवटी ती घराबाहेर काढणंच बंद झालं.

आता सांगा, चालवायची नाही, लावायची नाही, नुसती बघायची. मग ती गाडी कसली, तोळ्यावर घेतलेलं सोनंच की. एक लाख पाच हजार आले. स्कूटर घेतली आणि उरलेल्या पैशात बोअर मारली. पाणी लागलं.

---

सुभेदार (निवृत्त)

जय हिंद. तेवीस वर्षं बुलेट चालवली, १९८६ ची, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. कारण एका शब्दात सांगतो. गुडघा.

कास्ट आयर्न इंजिनची किक म्हणजे नुसती ताकद नाही. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडायचा लिव्हर) दाबून अँमीटरचा काटा बघत पिस्टन जागेवर आणायचा, मग अंगाचं सगळं वजन टाकायचं. टायमिंग पुढे असलं तर किक उलटी येते. मला दोन वेळा आली. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, गुडघा नवा किंवा गाडी नवी. मुलाकडे सेल्फ स्टार्टची आहे, बटण दाबतो आणि जातो. तो माझी गाडी हलवायचा ती फक्त दसऱ्याला हार घालण्यापुरती.

विकली नाही, पलटणीतल्या जुन्या साथीदाराला दिली. त्याचे गुडघे शाबूत आहेत. किंमत घेतली नाही, फक्त अट घातली की पंधरवड्यातून एकदा माझ्या दारावरून न्यायची. आवाज ऐकला की बाहेर येतो.

---

कागदवाला निपाणी

लेथवाले मामा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात नुकसान जास्त आहे.

‘कागद असले नसले तरी चालतील’ म्हणणारा गाडी बांधणार नाही, फोडणार. कार्ब्युरेटर एकीकडे, मीटर दुसरीकडे, टाकी तिसरीकडे. तुमच्या चार पोत्यांची दहा पार्सलं होतील. गाडी जिवंत ठेवणारा माणूस पहिला प्रश्न कागदाचा विचारतो. नंबर ठोकलेली फ्रेम आणि तिच्याशी जुळणारं आरसी बुक, किंमत या जोडीला असते.

आता आपल्या सीमाभागाची गंमत. गाडी कर्नाटकात नोंदलेली, गिऱ्हाईक दहापैकी सात वेळा कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीचं. त्याला फॉर्म २८ भरून एनओसी (ना-हरकत दाखला) लागते. एनओसीला आरसी जिवंत लागते, आणि आरसी बहुतेकांची कधीच संपलेली असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं हे गाडी विकायला काढल्यावर आठवतं. दुचाकीच्या नूतनीकरणाला पूर्वी ३०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून १००० झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून २०००. फी परवडते हो. नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते, ते जड जातं. पोत्यातली गाडी कशी नेणार?

आणि मामा, तुमच्या आरसीवर ‘म्हैसूर राज्य’ असणार. राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. एवढ्या जुन्या हाती लिहिलेल्या नोंदी बऱ्याचदा संगणकावर चढलेल्याच नसतात. आधी जुन्या रजिस्टरातून नोंद काढून चढवून घ्यावी लागते, मग पुढचं सगळं. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथंच थकतात. काका-पुतण्यांत बोलणं नाही, आत्याची सही कोण आणणार, जाऊ दे विकून टाकू.

एक वाट अजून आहे. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. फी २० हजार, मुदत दहा वर्षं. खरं ती गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. तुम्हाला रोज उद्यमबागेत जायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

---

उसवाला चिकोडी

सगळे बोलले, पेट्रोलचं कोणी काढलं नाही. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं, आता बहुतेक पंपांवर दुसरं मिळत नाही. माझ्याकडे येझदी क्लासिक आहे. पहिल्याच पावसाळ्यात पाइप फुगला, कार्ब्युरेटरची गास्केट कुजली, टाकीत तळाला पाणी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज फिरत असली तर निभतं, उभी राहिली की खाली थर बसतो आणि टाकी आतून गंजायला लागते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये झाकलेली गाडी दसऱ्याला काढणाऱ्याचं काही खरं नाही.

गंमत काय, ते इथेनॉल आपल्याच उसाचं. माझा ऊस जातो त्या कारखान्याला डिस्टिलरी आहे. बिल आलं की मी खूश, आणि त्याच बिलातले पैसे कार्ब्युरेटरला घालतो. घरात कुणाला सांगायची सोय नाही.

खरं यावर विकायची गरज नाही बघा. पाइप इथेनॉलला टिकणारा घाला, महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा, टाकीत आतून तेलाचा हात फिरवा. टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल पेट्रोलच्या लिटरला ४० मिली घालतो तेवढंच घाला, भीतीनं जास्त घालून सायलेन्सर चोंदवू नका. विकणाऱ्याला पेट्रोल हे निमित्त मिळालंय असं माझं मत.

---

लेथवाला अनगोळ

सगळ्यांचे आभार. खानापूरकर, अ‍ॅक्सल आठवला. त्याचं एक टोक वाकलेलं होतं आणि तू मला ‘तसंच होतं’ म्हणून सांगितलास.

चिकोडीकरांच्या शेवटच्या वाक्यावर दोन दिवस विचार केला. निमित्त. दुकानात माझी एक वही आहे, कुणाचं काय काम केलं, मापं काय, पैसे किती राहिले. ती काढून त्या पाच गाड्यांची पानं बघितली. एक गोष्ट लक्षात आली, ती मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून बघितली नव्हती.

या गाड्यांच्या कामाला कधीच कुणी एकटा यायचा नाही. शहापूरचे मास्तर आणि त्यांचा साडू. टिळकवाडीचे डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर. राजदूतवाला आणि त्याचा भाडेकरू, दोघं इथंच भांडायचे, पोर्ट घासायचा की नाही यावरून. एक जण पार्ट धरायचा, दुसरा बिडी ओढत सल्ला द्यायचा. मला त्रास व्हायचा, कामात डोकं घालायचे. मग वहीत काही महिन्यांनी कामं कमी होतात. साडूची बदली हुबळीला झाली. कंपाउंडरनं स्वतःचं मेडिकल काढलं. भाडेकरू घर सोडून गेला. त्यानंतर एकटा माणूस एक-दोनदा येऊन गेलाय. मग पान कोरं.

इंजिन एकट्यानं उतरवता येतं, मी उतरवतो. रविवारी सकाळी उठून एकट्यानं उतरवायचं मन होत नाही, अडतं तिथं.

---

बेंगळूरवरून

नमस्कार काका. मी वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं. शहापूरच्या रोडकिंगवाल्या मास्तरांचा मी मुलगा.

बाबांनी गाडी विकली नाही, मी विकली. फेब्रुवारीत बाबा गेले. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, माफ करा. तुमचा नंबर बाबांच्या फोनमध्ये ‘बुश’ या नावानं होता, ते तुम्ही आहात हे मला आज कळलं.

आईला पोर्च मोकळा हवा होता. मला बेंगळूरला गाडी आणणं शक्य नव्हतं, तिसऱ्या मजल्यावर राहतो, पार्किंग एकाच गाडीचं. विकायला काढल्यावर अठरा फोन आले. त्यातल्या सतरा जणांनी शेवटची किंमत विचारली. रोडकिंगला किक आणि गिअरचा लिव्हर एकच असतो. एकानं विचारलं, किक मारल्यावर लिव्हर पुन्हा गिअरच्या जागेवर नीट बसतो का? त्यालाच दिली, कमी पैशात. तो धारवाडचा आहे, सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक.

गाडीबरोबर एक पत्र्याचा डबा दिला. त्यात स्पेअर होते, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. काही चिठ्ठ्या बाबांच्या अक्षरात, काहींवर वेगळं अक्षर होतं. ‘हे घट्ट बसेल, हातोडा नको, तेल गरम करून’. ते तुमचं असावं. ती चिठ्ठी मी काढून ठेवली होती. नंतर वाटलं, गाडी त्याच्याकडे आणि सूचना माझ्याकडे, काय उपयोग? धारवाडला पोस्टानं पाठवून दिली.

---

कागदवाला निपाणी

मामा, जावाचं आरसी कुणाच्या नावावर आहे ते तुम्ही अजून सांगितलं नाही. आणि चुलतभाऊ काय म्हणतात? वारस ते आहेत, तुम्ही नव्हे.

---

लेथवाला अनगोळ

मास्तर गेले हे इथं वाचून कळलं. अक्षर माझंच. तेल गरम करायचं म्हणजे बुश नव्हे, केसिंग गरम होतं आणि भोक उमलतं. धारवाडच्या माणसाला एवढं सांग, नाहीतर तो बुश तापवत बसेल. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. पुढच्या आठवड्यात भेटून येतो.

निपाणीकर, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. आरसी चुलत्यांच्या नावावर आहे. चुलते २०१७ ला गेले. चुलतभाऊ २०२१ ला गेला. मी पहिल्या वेळी लिहिलं नाही.

काल रात्री एक पोतं खाली काढलं. क्रँक निघाली. ती आम्ही नवीन कनेक्टिंग रॉड घालून प्रेस केली होती आणि डायल गेजवर ट्रू (सरळ) करायची राहिली होती. ग्रीस लावून सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेली आहे, भावाची पद्धत. गंज अजिबात नाही. डायनॅमोचं आर्मेचर मात्र गेलं, उंदरांनी वायर खाल्ली. तसंपण सहा व्होल्टवर त्या हेडलाइटात चोर्ल्याच्या घाटात काय दिसणार होतं म्हणा.

मग हिशोब मांडत बसलो. सत्तर हजार, त्यातले माझे किती? चुलत्यांची गाडी, भावाची मेहनत, माझी लेथ. वहिनी वडगावला राहते, दोन मुली. इथं मी सगळ्यांना विचारलं गाडी विकू का, आणि पाच किलोमीटरवर राहणाऱ्या वहिनीला एकदा विचारलं नाही. कोल्हापूरवाल्याला आज सकाळी फोन करून थांब म्हणालो. तो म्हणाला पंच्याहत्तर. मी म्हणालो, भाव वाढवू नको, डोकं फिरतं.

रविवारी वहिनीकडे जातोय. निपाणीकर, फॉर्म ३१ ला तिच्या आणि मुलींच्या सह्या कुठे कुठे लागतात ते लिहून पाठवा, मी सगळं एकदमच घेऊन जातो. तिनं विक म्हटलं तर कागद करून अख्खी विकीन. ठेव म्हटलं तर बघू. थोरली मुलगी पॉलिटेक्निकला आहे असं ऐकलं, तिला लेथ बघायची असेल तर बघेल, नसेल तर नसेल.

आणि कुणाकडे १९७० च्या आधीच्या जावाचं डाव्या बाजूचं इंजिन कव्हर पडून असेल तर सांगा. आमचं तडकलंय. विकायची असली तरी वहिनीसमोर फुटकं कव्हर घेऊन जायला बरं वाटत नाही.